दीर्घिकांचा रंग

आश्विन-कार्तिकातल्या अंधाऱ्या रात्री देवयानी तारकासमूहात एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. गुरुजींनी तो मुलांना जरूर दाखवावा. आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा तो एक अफाट मेळा आहे. अशा मेळ्याला दीर्घिका म्हणतात.

१९४३ साली महायुद्ध चालू होते. अमेरिकेत माउंट विल्सनच्या वेधशाळेतले बरेच शास्त्रज्ञ युद्धकार्यावर गेलेले. वाल्टर बाडे मात्र मागे राहिले; कारण ते जर्मन, म्हणजे शत्रुराष्ट्राचे! पायथ्याच्या लॉस एंजेलिस शहराचे दिवे युद्धामुळे मालवलेले. काळेभोर आकाश आणि १०० इंची दुर्बीण, दोन्ही बाडे यांना आयती मिळाली. देवयानीच्या गाभ्यात आणि तिच्या शेजारच्या दोन लहान लंबगोल दीर्घिकांत तोवर नुसते धुके दिसे. बाडे यांनी तांबडा प्रकाश टिपणाऱ्या काचा वापरल्या, आणि धुक्याचे सुटे सुटे तारे झाले. १९४४ साली त्यांनी ते जाहीर केले. तिथले सर्वांत तेजस्वी तारे तांबूस निघाले. निळे तारे भरभर जळून संपतात. तेव्हा जिथे निळे नाहीत, तिथे नवा जन्म थांबलेला, हे उघड आहे.

पुढे मोजमापे वाढली. लंबगोल दीर्घिका बहुधा मध्यभागी अधिक तांबडी आणि कडेला कमी तांबडी असते. असे का? जुन्या ताऱ्यांच्या पोटात तयार झालेली जड द्रव्ये वायूत मिसळतात. (हायड्रोजन-हेलियम सोडून सगळ्यालाच खगोलवाले ‘धातू’ म्हणतात, रसायनाच्या शिक्षकांनी क्षमा करावी.) असा वायू मध्याकडे ओढला गेला, तर तिथले नवे तारे अधिक धातूंचे, म्हणून अधिक तांबडे होतात. एकाच ढगाच्या आकुंचनातून दीर्घिका घडली असेल, तर रंगाचा हा उतार तीव्र हवा. १९७४ साली लार्सन यांच्या गणितातून असेच निघाले. पण १९७७ साली टूम्रे यांनी निराळे सुचवले: दोन चक्राकार दीर्घिका एकमेकींत मिसळून लंबगोल दीर्घिका बनत असावी. तसे असेल, तर दोन राशी एकत्र ओतल्यावर दाणे मिसळतात तसे तारे मिसळणार आणि उतार सौम्य होणार.

खरी अडचण अशी, की म्हातारपणानेही तारे तांबडे होतात आणि धातूंनीही. नुसत्या रंगावरून निवाडा होत नाही. वर्णपटातल्या रेषा तपासाव्या लागतात. त्या तपासल्यावर उताराचे मुख्य कारण धातूच ठरले. मोठ्या दीर्घिकांचा गाभा फार पूर्वी झपाट्याने घडला आणि कडेचे पुष्कळसे तारे पुढे लहान दीर्घिका गिळून आले, असा आज बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. म्हणजे एकाच दीर्घिकेत लार्सनही थोडे खरे आणि टूम्रेही!