थांबवता येणारा धडा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या शाळेत टीव्ही आला तो बैलगाडीतून. साल १९८८. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका वाडीत मी तेव्हा प्राथमिक शिक्षिका होते. शाळा द्विशिक्षकी, खोल्या दोन, वर्ग चार. एसटी खालच्या गावापर्यंत यायची, वरचा दीड कोस पायी. एवढं मोठं खोकं डोक्यावरून कोण नेणार, म्हणून सरपंचांनी आपली गाडी जुंपली. खाली भाताचा पेंढा, त्यावर टीव्ही, त्याच्या शेजारी अँटेनाच्या दांड्या आणि मागून सगळी शाळा पळत. मुख्याध्यापकांनी आधी जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद केली आणि मगच खोकं उघडलं.

पहिल्या आठवड्यात एक कार्यक्रम लागला होता. बी कसं रुजतं, याचा. महिनाभराची वाढ काही सेकंदांत दाखवली होती. मातीतून कोंब वर आला, वाकला, ताठ झाला, दोन पानं उलगडली. वर्ग अवाक. कार्यक्रम संपल्यावर चौथीतला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, ते मघाचं परत दाखवा की." मी म्हटलं, "अरे, ते परत नाही दाखवता येत. गेलं ते गेलं." त्याचा विश्वास बसला नाही. फळ्यावरचं पुसलं तरी बाई पुन्हा लिहितात, पुस्तकाचं पान मागे उलटता येतं, मग हे का नाही? त्याला वाटलं, बाईंना टीव्ही नीट वापरता येत नाही.

पुढची चौतीस वर्षं मी नोकरी केली. कॅसेट पाहिली, संगणक पाहिला, सीडी, पेन ड्राइव्ह, मोबाइल, सगळं पाहिलं. पण वर्गात नवं यंत्र आलं की माझ्या मनात पहिला प्रश्न त्या मुलाचाच यायचा. हे थांबवता येतं का? मागे नेता येतं का?

आता त्या टीव्हीमागचा इतिहास थोडा सांगायला हवा. १९७५ साली भारतानं एक धाडसी प्रयोग केला. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेकडून एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षाच्या बोलीनं वापरायला घेतला आणि त्याच्यामार्फत खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोचवली. प्रयोगाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, त्याचा संक्षेप 'साइट'. कल्पना विक्रम साराभाईंची. १९६९ मध्ये करार झाला. साराभाई १९७१ मध्ये गेले, प्रयोग पाहायला ते नव्हते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रानं काम पुढे नेलं. केंद्राचे संचालक होते यशपाल आणि प्रकल्पाची व्यवस्था पाहणारे एकनाथ चिटणीस हे आपल्या कोल्हापूरचे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं बरोबर वर्षभर हे प्रक्षेपण चाललं. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं त्यात होती. महाराष्ट्र नव्हता. गावात एक टीव्ही आणि त्याच्याजवळ १० फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री. जिथे वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालवले.

सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा, ५ ते १२ वर्षांच्या. पण भाषा चार: हिंदी, उडिया, तेलुगू, कन्नड. म्हणजे एकेका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं. मला या साडेबावीस मिनिटांचं फार वाटतं. ओरिसातल्या एखाद्या गावात त्या दिवशी शाळा पाऊण तास उशिरा भरली, तर त्या दिवसाचा धडा गेला. उपग्रह कोणासाठी थांबत नाही.

प्रयोगाची नंतर बारकाईनं पाहणी झाली. शाळेत येणाऱ्या मुलांची संख्या त्यामुळे वाढली नाही की गळती थांबली नाही. मात्र टीव्ही पाहणाऱ्या मुलांची भाषा सुधारली आणि नवं काही जाणून घ्यायची ओढ वाढली, असं दिसलं. माझ्या मते प्रयोगातला खरा मोलाचा भाग वेगळाच होता आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. सुटीच्या काळात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षण याच वाटेनं दिलं गेलं. बारा-बारा दिवसांच्या दोन फेऱ्या, जवळपास ५० हजार शिक्षक. टीव्हीवर कार्यक्रम, जोडीला रेडिओ, छापील पुस्तिका आणि हातानं करायचे प्रयोग. म्हणजे यंत्रानं आधी गुरुजींना शिकवलं आणि ते गुरुजी वर्गात उभे राहिले. तिथे मुलाला "परत दाखवा" म्हणता येत होतं.

वर्ष संपलं, उपग्रह परत गेला, बहुतेक पडदे काळे झाले. पण त्यातून आपला स्वतःचा इन्सॅट आला आणि शालेय कार्यक्रम तयार करणाऱ्या संस्था सहा राज्यांत निघाल्या. आपल्याकडची संस्था म्हणजे पुण्याची बालचित्रवाणी, स्थापना १९८४. आमच्या बैलगाडीतल्या टीव्हीवर मुलं जे पाहायची, ते तिचं काम. मराठी मुलांसाठी मराठी माणसांनी, आपल्या पाठ्यपुस्तकाला धरून केलेलं. अनेकांना तिचं नाव आजही जुन्या मित्रासारखं आठवतं.

आमची अडचण कार्यक्रमांत नव्हती, ती होती डोंगरात. अँटेना कौलांवर, एक मुलगा वर चढून ती फिरवणार, खालून पंधरा जण ओरडणार, "आलं, आलं... गेलं!" पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की टपाल अडकायचं. मग कार्यक्रमांचं वेळापत्रक हाती पडायचं तेव्हा महिना उलटलेला असायचा. वीज गेली तर बोलायलाच नको. शिवाय एका खोलीत दोन वर्ग. चौथीचा कार्यक्रम लागला की तिसरीची मुलं पाढे सोडून तिकडे बघणार, त्यांना कोणी अडवायचं? मीही अडवत नसे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर टीव्हीबरोबर शाळांना रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेले 'टू-इन-वन'ही मिळू लागले. त्याला फारसं कोणी विचारत नसे, कारण त्यात चित्र नव्हतं. पण मला त्यात सोनं सापडलं. त्याला थांबवायचं बटण होतं! गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मी त्यावर टेप केल्या आणि भाषेच्या तासाला लावल्या. एक ओवी ऐकायची, थांबवायचं, शब्द विचारायचे, पुन्हा ऐकायचं. वाचनात मागे पडलेल्या मुली या तासाला सगळ्यांत पुढे, कारण निम्म्या ओव्या त्यांना घरूनच ठाऊक होत्या. कॅसेटची फीत बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची, हे कामही त्यांचंच.

मधल्या काळावर मी फार वेळ घेत नाही. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला गेला. शाळाशाळांत संगणक आले. माझी तेव्हा दुसऱ्या शाळेत बदली झाली होती. तिथला संगणक प्लॅस्टिकच्या कव्हराखाली, कुलपाच्या खोलीत. मुलांनी चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात गेल्यासारखं. भारनियमन इतकं की इन्व्हर्टर चार्ज होईपर्यंत वीज जायची. बिघाडाच्या भीतीनं आम्ही शिक्षकच त्याला हात लावत नव्हतो, हे कबूल करायला हवं.

चित्र पालटलं ते २०१५च्या सुमारास. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला आणि गावोगाव लोकवर्गणीतून शाळा 'डिजिटल' होऊ लागल्या. आमच्या भागातली निम्मी घरं मुंबईत माथाडी कामावर. गावच्या मुंबईकर मंडळानं जत्रेच्या वर्गणीतून पैसे बाजूला काढून शाळेला भिंतीवरचा मोठा टीव्ही दिला. त्याला पेन ड्राइव्ह लागायचा. आता कोंब हवा तितक्या वेळा उगवत होता. मी तो मधेच थांबवायचे आणि विचारायचे, "आता पुढे काय होईल?" मुलं वहीत आधी चित्र काढत, मग पाहत. कोणाचं चुकलं, कोणाचं बरोबर आलं, यावर अर्धा तास भांडण. खरा धडा त्या भांडणात व्हायचा.

याच सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या एका शिक्षकानं केलेलं काम आपण सर्वांनी ऐकलेलं आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापले. काळ्यापांढऱ्या चौकटींचा तो ठसा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला की त्या धड्याची कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. ही कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत आली, मग एनसीईआरटीच्या पुस्तकांतही. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्राचं 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झालं. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत रकमेची चर्चा जास्त झाली. मला मात्र त्या ठशाचं साधेपण आवडलं. पुस्तक तेच, कागद तोच, फक्त शाईचा एक चौकोन वाढला. धडा केव्हा उघडायचा, कितीदा ऐकायचा, कुठे थांबायचं, हे मुलाच्या आणि शिक्षकाच्या हातात आलं.

सगळंच गोड नव्हतं. मोबाइलवर येणाऱ्या असंख्य शैक्षणिक चित्रफितींत कोणीतरी फळ्यासमोर उभं राहून पुस्तकच वाचून दाखवतं. त्यासाठी मोबाइल कशाला? कॅमेरा स्वस्त झाला म्हणून कार्यक्रम करणं सोपं झालेलं नाही. आणि ज्यांना ते येत होतं, त्यांचं काय झालं? निधीअभावी २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. तेहतीस वर्षं मुलांसाठी कार्यक्रम करणारी संस्था. मोठा गाजावाजाही झाला नाही.

तीनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोनानं शाळा बंद झाल्या आणि घरबसल्या मुलांना दाखवायला, ऐकवायला काय आहे, याची सगळीकडे धावाधाव सुरू झाली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागली. नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' ऐकू येऊ लागली. चांगले उपक्रम होते, खूप मुलांना आधार झाला. पण मला राहून राहून त्या साडेबावीस मिनिटांची आठवण व्हायची. आपण पुन्हा घड्याळापाशी आलो होतो.

आमच्या गावात त्या वर्षी मुंबईकर परतले आणि त्यांच्याबरोबर मोबाइलही आले. फोन होते, पण रेंज नव्हती. रेंज मिळायची वरच्या पठारावर, देवळापाशी. काम पुन्हा सुरू झाल्यावर फोन बापाबरोबर मुंबईला गेला किंवा दिवसभर शेतात राहिला. मुलाच्या हाती तो यायचा रात्री आठला, चार्जिंग संपत आलेलं असताना. तेव्हा मी मोठ्या चित्रफिती पाठवणं सोडून दिलं. रोज तीन मिनिटं, फक्त माझा आवाज. एक गोष्ट किंवा एक गणित, आणि मधेच मी म्हणायचे, "आता थांबव. वहीत लिही. लिहून झालं की पुढचं ऐक." एका मुलीच्या आजीनं मला वाटेत गाठून तक्रार केली, "बाई, तुमी रोज रात्री आमच्या घरात येऊन थांब थांब म्हंता, आमची भाकरी करपते."

२०२२ मध्ये मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी पदभार द्यायचा, म्हणून नव्या गुरुजींबरोबर जडवस्तू संग्रह नोंदवही घेऊन बसले. बाकं, घंटा, वजनकाटा, भिंतीवरचा टीव्ही. जुन्या टीव्हीच्या आणि टू-इन-वनच्या नोंदींसमोर निर्लेखनाचा शेरा आणि सही. त्या दीड-दोन वर्षांत मी केलेले सगळे ध्वनिपाठ, ज्या काही ओव्या वाचल्या होत्या त्या, आणि मुलांनी स्वतः बोलून पाठवलेली उत्तरं मी एका पेन ड्राइव्हमध्ये भरून आणली होती. तीही शाळेच्या नावे लिहून घ्या म्हटलं. गुरुजींनी रकाने वर-खाली पाहिले. आत काय आहे हे लिहायला रकाना नव्हता. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: पेन ड्राइव्ह, काळा, नग १.