काच अडली म्हणून लगेच मोटर बदलू नका. आधी दाराची रबरी नळी उघडून बघा

जुन्या गाडीची पॉवर विंडो अर्ध्यावर अडली की गॅरेजात पहिला संशय मोटरवर जातो. मोटर बदलली जाते, चार दिवस काच वर-खाली होते आणि परत बंद पडते. मोटर बसवताना वायरी हलल्या आणि तुटलेली टोकं तात्पुरती एकमेकांना टेकली, एवढंच झालेलं असतं. खरा बिघाड दार आणि गाडीचा खांब यांच्यामधल्या भात्यासारख्या रबरी नळीत असतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून घेता येतं. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पहिल्या पिढीतल्या पॉवर विंडोच्या गाड्या अजून रोज धावतात. दार दिवसातून दहा वेळा उघडलं तरी १५ वर्षांत पन्नास हजारांहून जास्त वेळा त्या वायरी एकाच ठिकाणी वाकतात. वायरीवरचं प्लास्टिक वयाने कडक होतं, तडकतं, आतल्या तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटत जातात. त्यात पावसाळ्याचं पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं. चालकाचं दार सगळ्यात जास्त उघडतं, म्हणून ते आधी जातं.

लक्षणं ओळखण्यासारखी आहेत. दार उघडं असताना काच चालते, बंद केलं की नाही, किंवा उलट. सेंट्रल लॉक कधी लागतं, कधी नाही. दाराचा स्पीकर खड्ड्यात गाडी आदळली की सुरू होतो. बऱ्याच गाड्यांत चारही काचांचा पुरवठा चालकाच्या दारातल्या मुख्य स्विचमधून जातो. तिथली एक वायर तुटली तर चारही काचा मरतात आणि माणूस चार मोटरींची चौकशी करत बसतो. दार लावताच फ्यूज उडत असेल, तर सोललेली वायर पत्र्याला टेकते आहे असं समजावं. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा चांदी घालून काम भागवणं म्हणजे गाडीला आग लावायची सोय. फ्यूज त्याच क्षमतेचाच हवा.

घरच्या घरी एक साधी परीक्षा होते. गाडी सुरू न करता आतला दिवा लावायचा आणि काचेचं बटण दाबायचं. दिवा किंचित मंदावला तर करंट मोटरपर्यंत जातोय. काच रुळात अडकली असेल किंवा मोटर गेली असेल. दिव्यावर काहीच फरक पडला नाही, तर स्विच आणि वायरीकडे वळावं. बटण दाबून धरून दुसऱ्याने रबरी नळी हलवली आणि काच दचकली, तर निदान तिथंच झालं.

नुसत्या मल्टिमीटरवर मात्र विसंबू नये. वायरीतल्या दोन-चार तारा शिल्लक असल्या तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण मोटरला लागणारा करंट त्या तारांतून जात नाही. जुने इलेक्ट्रिशियन इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून बघतात. बल्ब पूर्ण पेटला नाही तर वायर आतून गेलेली. दारात एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र पिवळ्या वायरीला किंवा पिवळ्या कनेक्टरला बल्ब काय, मीटरसुद्धा लावू नये.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं. नळीची दोन्ही टोकं दारातून आणि खांबातून हलकेच बाहेर ओढायची, आतली टेप कापायची आणि एकेक वायर दोन्ही बाजूंनी हळूच ताणून बघायची. आतून तुटलेली वायर रबरासारखी लांबते. मोबाईलवर फोटो काढून ठेवावा आणि एका वेळी एकच वायर कापून जोडावी; दोन-तीन वायरींचे रंग सारखे निघतात आणि मग घोळ होतो.

इथं बहुतेकांचं काम फसतं. तुटलेली टोकं जागच्या जागी पिळून टेप गुंडाळली, की जोड नेमका वाकण्याच्या जागी येतो आणि काही महिन्यांत पुन्हा तुटतो. सोल्डर तर तारांत वर चढून वायर ताठ करतो. ताठ भाग संपतो तिथंच ती मोडते. म्हणून नळीतला सगळा जुना तुकडा काढून नवी अखंड वायर घालावी. एक जोड दाराच्या आत, दुसरा खांबाच्या आत. नवी वायर बारीक तारांची, लवचिक आणि मूळ जाडीचीच हवी. घरातल्या फिटिंगची एकाच जाड तारेची वायर इथं चालत नाही. जोड पकडीने दाबून, वर हीट श्रिंक नळी चढवून घ्यावा. ही नळी जोडण्याआधीच वायरीत ओवायची असते, हे नवशिक्याला जोड झाल्यावर आठवतं. सगळे जोड एकाच रेषेत आले तर गठ्ठा जाड होऊन भोकात जात नाही, म्हणून ते पुढे-मागे ठेवावेत. रबरी नळीच्या आत वायरी सैल हव्यात. टेपने आवळल्या तर परत तेच.

भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं अख्खं वायरिंग आणायचा सल्लाही मिळतो. तेही तितकीच वर्षं त्याच जागी वाकलेलं असतं. कनेक्टर तुटला असेल तर ठीक, नाहीतर त्यात अर्थ नाही. नळी टाळून दाराच्या फटीतून वेगळी वायर ओढणं तर आणखी वाईट; दार लावताना ती चेपते.

नळी परत बसवताना तिची कड भोकात सगळीकडून नीट बसली का ते बोट फिरवून बघावं. ग्रीस लावू नये, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. दाराचं पॅनेल लावण्याआधी काच, लॉक, स्पीकर सगळं दार उघडं आणि बंद ठेवून तपासावं. पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा फाडून टाकायची सवय अनेकांना आहे, पण काचेवरून आत उतरणारं पाणी तोच अडवतो. तो पुन्हा चिकटवावा आणि दाराच्या खालच्या कडेची पाणी निचऱ्याची भोकं चिखलाने बुजली असतील तर तारेने मोकळी करून घ्यावीत.