गिरणगावाचं परस

मुंबईच्या गिरण्यांना रत्नागिरी जिल्ह्याने माणसं पुरवली, हे सगळे लिहितात. त्या माणसांच्या घरामागचं परस आमच्या आज्यांनी राखलं, हे फारसं कोणी लिहीत नाही.

मृगाचा पाऊस झाला की माझी आजी वई बांधून आळी करायची. पडवळ, दोडकी, भेंडी आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरची. कोंबड्या कोवळी रोपं उकरतात, म्हणून वेल मांडवावर चढेपर्यंत त्या वईबाहेरच. पिल्लांची कोंबडी डालग्याखाली. खुराड्यातली घाण ती ताजी कधीच घालत नसे, मुळं जळतात. राख आणि पालापाचोळ्यात कुजवायची आणि पुढच्या पावसाळ्यात भोपळ्याच्या आळ्यात टाकायची. काय भोपळे धरत!

मुंबईहून येणारी मनीऑर्डर घराची, अंड्यांचे पैसे मात्र तिचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डर थांबली. तेव्हा आमचं घर याच परसाने तगवलं.

गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या बायकांनाही विचारावं. आता त्या थोड्याच उरल्या आहेत.