बन्नीमंटपाचे मैदान आणि 'मोठ्या' आवाजाचा इतिहास

पाठाचा परिचय

चित्रपटाच्या ट्रेलरमधले भव्य संगीत ऐकले की आपला पहिला समज असा होतो की तिथे शंभर-दोनशे वादक वाजवत असणार. वादक जास्त, म्हणून संगीत मोठे. या पाठात आपण हा समज इतिहासाच्या आधाराने तपासणार आहोत. मुद्दा एकच आहे: संगीत मोठे वाटते ते मुख्यतः स्वरांच्या मांडणीमुळे, वादकांच्या संख्येचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. ही गोष्ट दरबारांनी, सिम्फनीकारांनी आणि मुंबईच्या स्टुडिओंतील अरेंजरांनी आपापल्या परीने अनुभवली. आज संगणकावर प्रत्येकाच्या हाती हवे तितके वादक आहेत, म्हणून ती पुन्हा शिकण्याची गरज आहे.

पाठासाठी संगीताचे पूर्वज्ञान लागणार नाही. सा, ग, प ही स्वरांची नावे आणि दहाच्या पायावरचे लॉगॅरिदम माहीत असले की पुरे.

१. मैदानाचे गणित

सुरुवात म्हैसूरच्या बन्नीमंटपापासून करू. कन्नडमध्ये 'बन्नी' म्हणजे शमी. महाराष्ट्रात दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करून आपट्याचे सोने लुटतो. म्हैसूरची विजयादशमीची मिरवणूक, म्हणजे जंबू सवारी, राजवाड्यापासून सुमारे ५ किलोमीटर चालत शमीपूजनाच्या या जागी येते. संध्याकाळी इथल्या मैदानावर मशालींची कवायत होते. कन्नडमध्ये तिला 'पंजिन कवायतु' म्हणतात. 'कवायत' हा शब्द दोन्ही भाषांत नांदतो.

काही वर्षांपूर्वी मी ही कवायत मैदानाच्या दूरच्या टोकाला बसून पाहिली. बँड समोरून गेला तेव्हा सगळी वाद्ये वेगवेगळी ऐकू येत होती. तो लांब गेला तसा मधला भाग गर्दीच्या कलकलाटात विरघळला. शेवटी उरले ते दोनच थर: खाली मोठ्या ढोलाचा ठोका आणि वर कर्कश पितळी वाद्यांची चाल. तरीही संगीत 'मोठे'च वाटत होते. मी सिग्नल्सचा विषय शिकवतो, त्यामुळे घरी येऊन कागद-पेन्सिल घेतलीच.

उघड्या मैदानात भिंती नसतात, त्यामुळे आवाज परावर्तित होऊन परत येत नाही. लहान उगमापासून निघालेल्या आवाजाची पातळी अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने घटते. १० मीटरवरचा वादक ८० मीटरवर गेला, तर अंतर तीनदा दुप्पट झाले. म्हणजे १८ डेसिबलची घट.

ही घट वादक वाढवून भरून काढता येईल का? एकसारख्या N वादकांमुळे पातळी १० log N डेसिबलने वाढते. दोन वादक म्हणजे ३ डेसिबल, दहा म्हणजे १०, शंभर म्हणजे २०. १८ डेसिबल मिळवायचे तर एका वादकाच्या जागी ६३ वादक उभे करावे लागतील. शिवाय कानाला आवाज 'दुप्पट' वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे शंभर व्हायोलिने एका व्हायोलिनाच्या शंभरपट नव्हे, तर जेमतेम चौपट मोठी वाटतात. पुण्याच्या ढोल-ताशा पथकाने तीस ढोलांचे साठ केले, तरी वाढ तीच: ३ डेसिबल.

पण त्याच पथकाची मांडणी पाहा. ढोल खाली, ताशा वर, मध्ये फारसे काही नाही. दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, आणि सगळे ढोल एकच ठेका धरतात. मैदानात काय टिकते, हे आपल्या वादकांना सूत्र न मांडताही ठाऊक होते.

२. दरबार: संख्या विकत घेता येते

दक्षिणेत पाश्चात्त्य वाद्यवृंद प्रथम रुजला तो दरबारांच्या आश्रयाने. त्यात एक दरबार मराठी होता. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला. 'तंजावर बँड' या नावाने तो ओळखला गेला. त्यांनी जमवलेल्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या वह्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत.

म्हैसूरच्या वडियार घराण्याने हीच परंपरा मोठ्या प्रमाणावर चालवली. राजवाड्याची इंग्रजी आणि कर्नाटकी अशी दोन वाद्यपथके होती. पुढे ती राज्याच्या पोलीस दलाकडे आली. शेवटचे महाराज जयचामराज वडियार (१९१९–१९७४) स्वतः पियानो वाजवत, कर्नाटक संगीतात कृती रचत. रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर लंडनमध्ये उपेक्षित राहिला होता. त्याच्या ध्वनिमुद्रणांचा खर्च महाराजांनी उचलला. मेट्नरने आपला तिसरा पियानो कंचेर्टो त्यांना अर्पण केला. लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्षही तेच.

२२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिचर्ड श्ट्राउसची 'चार अखेरची गीते' प्रथम सादर झाली. गायिका कर्स्टन फ्लाग्स्टाड, वाद्यवृंद फिलहार्मोनिया, संचालक विल्हेल्म फुर्टव्हेंगलर. या कार्यक्रमाला आर्थिक हमी होती म्हैसूरच्या महाराजांची.

या गीतांत वाद्यवृंद मोठा आहे, पण तो सगळा एकदम क्वचितच वाजतो. बहुतेक वेळ गायिकेभोवती थोडीच वाद्ये असतात, आणि म्हणूनच सगळे एकत्र आले की दालन उजळल्यासारखे वाटते. महाराजांच्या पैशाने वादक मिळाले. भव्यता मात्र श्ट्राउसच्या लेखणीतून आली.

३. सिम्फनीकार: कोणाला थांबवायचे

श्ट्राउसच्या आधी शंभर-दीडशे वर्षे हा धडा बीथोव्हेनने गिरवून ठेवला होता. त्याच्या पाचव्या सिम्फनीची (१८०८) सुरुवात कुणीही ओळखेल: चार स्वरांचा तो ठोका. तिथे सगळा वाद्यवृंद वाजतो असे वाटते. प्रत्यक्षात वाजतात फक्त तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट. ट्रम्पेट नाहीत, नगारे नाहीत. सगळे एकच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात. सोबतीला दुसरा कोणताही स्वर नाही.

याच सिम्फनीत ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून ही वाद्ये पहिल्या तिन्ही भागांत गप्प बसतात आणि चौथ्या भागात प्रथम तोंड उघडतात. त्यातले पिकोलो सर्वांत वरचे, कॉन्ट्राबसून सर्वांत खालचे. म्हणजे अखेरीस बीथोव्हेन आवाजाची उंची दोन्ही टोकांनी ताणतो. वादक वाढतात थोडेच, पण इमारतीवर मजला चढतो आणि खाली तळघरही निघते.

विसाव्या शतकातले उदाहरण म्हणजे कार्ल ओर्फची 'कार्मिना बुराना' (१९३७). तिचे पहिले समूहगान १९८१च्या 'एक्सकॅलिबर' चित्रपटात वापरले गेले, आणि आजच्या ट्रेलर-संगीताचा तो एक आदर्श झाला. त्याची रचना अगदी साधी आहे: सुरुवातीला मोठा आघात, लगेच अतिशय हळू आवाजात तोच-तोच फिरणारा ठेका, आणि शेवटी सगळ्यांचा स्फोट. मधली कुजबुज काढून टाकली, तर शेवटचा स्फोट निम्म्यानेही परिणामकारक राहणार नाही.

४. स्वर कुठे ठेवायचे

आता थोडे भौतिकशास्त्र. ६५ हर्ट्झचा खर्ज सा वाजवला, तर त्याचे नैसर्गिक उपस्वर असे येतात: १३० (सा), १९५ (प), २६० (सा), ३२५ (ग), ३९० (प). खाली अंतरे मोठी आहेत, वर ती कमी होत जातात. यातून नियम निघतो: खालचे स्वर दूर दूर ठेवा, वरचे जवळ आणले तरी चालतात.

६५ हर्ट्झच्या साजवळ ८१ हर्ट्झचा ग ठेवला, तर दोघांत फक्त १६ हर्ट्झचे अंतर राहते. कान त्यांना नीट वेगळे करू शकत नाही. गुरगुर ऐकू येते. तोच ग दोन सप्तके वर, ३२५ हर्ट्झला ठेवला, की तो लखलखीत ऐकू येतो. तानपुऱ्यातही हीच युक्ती आहे: पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज. स्वर दोनच, पण खोली भरून जाते.

५. मुंबईचे अरेंजर

हे ज्ञान महाराष्ट्रात रोजच्या कामात उतरले ते चित्रपटांच्या स्टुडिओंत, आणि ते आणले मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. ती मुले मोठी होऊन मुंबईला आली. संगीतकाराने हार्मोनियमवर चाल सांगायची आणि अरेंजरने ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवायची, अशी कामाची वाटणी रूढ झाली.

सेबॅस्टियन डिसूझा यांनी दोन दशकांहून अधिक काळ शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम केले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे दुसरे मोठे नाव. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. 'अमर अकबर अँथनी'तील (१९७७) गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गुंफले.

त्या काळी ध्वनिमुद्रण मोजक्या माइकवर आणि एकाच वाहिनीत होई. नंतर आवाज कमी-जास्त करायला फारसा वाव नसे. म्हणून तोल कागदावर आणि बसण्याच्या जागेतच साधावा लागे. गायक गात असताना व्हायोलिने त्याच्या पट्टीतून दूर ठेवायची. ओळ संपली की तीच व्हायोलिने दोन सप्तकांत एकच सूर धरून झेप घेणार. ही झेप मोठी वाटते, कारण क्षणापूर्वी ती जागा मोकळी होती.

पण पडद्यावर आणि तबकड्यांवर नाव झळके ते संगीतकाराचे. अरेंजरचे नाव बहुधा नसे, असलेच तर 'सहाय्यक' म्हणून. नाव नसल्याने कामही दिसेनासे झाले. ऐकणाऱ्यांच्या मनात राहिले ते एवढेच, की 'तेव्हा शंभर-शंभर व्हायोलिने असायची'. मांडणीचे ज्ञान विसरले गेले आणि आकड्याची दंतकथा उरली.

६. आजचा ट्रेलर

'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंद मुद्रित केला. मराठी श्रोत्याला खरा वाद्यवृंद कसा भरतो ते तेव्हा घरबसल्या कळले. ज्यांच्याकडे ते बळ नाही, त्यांच्याकडे संगणक आहे.

एका वर्षी महोत्सवाच्या ट्रेलरसाठी आमच्या विद्यार्थ्यांनी चाळीस ट्रॅकचे संगीत केले. तंतुवाद्ये, पितळी वाद्ये, समूहस्वर, सगळे मधल्या सप्तकात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ऐकताना पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखे वाटत होते. "सर, अजून दहा ट्रॅक टाकू का?" असे त्यांनी विचारले.

डिजिटल फाइलला कमाल मर्यादा असते. तिच्या वर आवाज जातच नाही. चाळीस सारख्या ट्रॅकची बेरीज सुमारे १६ डेसिबलने वाढते, म्हणून प्रत्येकाला १६ डेसिबलने खाली आणावे लागते. आणखी दहा टाकले, तर प्रत्येक जण आणखी लहान होणार.

आम्ही अठ्ठावीस ट्रॅक काढले. चाल व्हायोलिनांना दोन सप्तकांत दिली. पितळी वाद्यांकडे फक्त सा आणि प ठेवले. खाली एकच खर्ज. ग फक्त वरच्या सप्तकात. समूहस्वर शेवटच्या सोळा आवर्तनांपुरते, आणि त्याआधी चार मात्रांची शांतता. मीटरवरचा सर्वोच्च आकडा पूर्वीइतकाच होता. पण खोलीतली मुले खुर्चीत सरसावून बसली. तासभर आधी ज्याने दहा ट्रॅक वाढवायला विचारले होते, त्यानेच आणखी दोन काढून टाकले.

सारांश

वादक दहापट केले, तरी कानाला आवाज फक्त दुप्पट वाटतो. भव्यता येते ती चार गोष्टींतून: एकच चाल अनेक सप्तकांत, खाली रुंद आणि वर दाट मांडणी, प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा, आणि राखून ठेवलेले बळ. पैसा, राजाश्रय किंवा सॉफ्टवेअर वादक देऊ शकतात. कोणी कधी गप्प बसायचे, हे मात्र अरेंजरलाच ठरवावे लागते. पुढच्या वेळी जुने गाणे ऐकताना संगीतकाराबरोबर त्या कागदावर लिहिणाऱ्याचेही नाव शोधा.

स्वाध्याय

१. एका पथकात २० ढोल आहेत. पातळी ६ डेसिबलने वाढवायची असेल, तर एकूण किती ढोल लागतील?

२. तानपुऱ्याच्या चार तारांची मांडणी उपस्वरांच्या क्रमाशी कशी जुळते, ते आकृती काढून दाखवा.

३. १९५० ते १९७० या काळातील कोणतेही एक चित्रपटगीत ऐका. गायक गात असताना कोणती वाद्ये थांबतात आणि केव्हा परत येतात, याची सेकंदवार नोंद करा.

४. स्वतः केलेल्या एखाद्या संगीतातून निम्मे ट्रॅक काढा आणि सर्वोच्च पातळी तीच ठेवून दोन्ही आवृत्त्या मित्रांना ऐकवा. कोणती मोठी वाटली, ते आधी काही न सांगता विचारा.