समाजमाध्यमी ब्राउझर

संकेतस्थळे पाहण्याच्या खिडकीतच समाजमाध्यमांची साधने बसवलेला ब्राउझर. मित्रांच्या नोंदी, निरोप, छायाचित्रे आणि दुवे पाठवण्याची सोय पानाच्या कडेला एका उभ्या पट्टीत असते. त्यासाठी वाचत असलेले पान सोडावे लागत नाही. ‘न्याहाळक’ हा मराठी प्रतिशब्द लेखनात आढळतो, बोलण्यात मात्र ब्राउझर हाच शब्द चालतो.

उगम : या प्रकारचा ठळक पहिला प्रयत्न म्हणजे अमेरिकेतील फ्लॉक (२००५). तो फायरफॉक्सच्या पायावर उभा होता. फ्लिकर, यूट्यूब, फेसबुक त्यात जोडता येत. जानेवारी २०११ मध्ये झिंगा या खेळ बनवणाऱ्या कंपनीने फ्लॉक घेतला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो बंद झाला. रॉकमेल्ट (२०१०) क्रोमियमवर आधारलेला होता, त्यामागे नेटस्केपचे मार्क अँड्रीसन यांचे पाठबळ होते. ऑगस्ट २०१३ मध्ये याहूने तो विकत घेऊन थांबवला. हे ब्राउझर ज्या सेवांवर विसंबून होते त्या सेवांची दारे त्यांच्या मालकांच्या हाती होती. मालकाने जोडणीचे नियम बदलले की पट्टी दुरुस्त करत बसावे लागे, आणि तीच सेवा मोबाइलवर स्वतंत्र ॲप म्हणून आल्यावर पट्टीची गरजही ओसरली.

एपिक : बंगळूरच्या हिडन रिफ्लेक्स या कंपनीने जुलै २०१० मध्ये काढलेला ब्राउझर. पाया मोझिलाचा. ‘भारताचा पहिला ब्राउझर’ अशी त्याची ओळख करून दिली गेली. पहिलेपणाचा निकष कोणता धरावा यावर ते अवलंबून आहे. त्याच्या पट्टीत फेसबुक, ट्विटर आणि तेव्हा भारतात जोरात असलेले ऑर्कुट होते. शिवाय विषाणूविरोधी तपासणी, भारतीय धाटणीची सजावट आणि मराठीसह भारतीय भाषांत लिहिण्याचे साधनही होते. ऑगस्ट २०१३ मध्ये कंपनीने क्रोमियमवर बेतलेला, खासगीपणाला वाहिलेला वेगळा एपिक आणला. पहिल्याने समाजमाध्यमे जवळ आणली होती. दुसऱ्याने माग काढणाऱ्या यंत्रणा अडवण्यावर भर दिला.

देवनागरी टंकन : मराठी वापरणाऱ्याच्या दृष्टीने एपिकमधील सर्वांत मोलाची गोष्ट हीच होय, मित्रयादी नव्हे. त्या काळी संगणकावर मराठी लिहिणे म्हणजे निराळी प्रणाली बसवणे, निराळा टंक शोधणे, आणि दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोन उमटले तर मुकाट्याने रोमन लिपीकडे वळणे. ब्राउझरच्या कडेलाच लिहिण्याची जागा मिळाल्यावर मराठीत मनातले लिहिण्याची वाट पुष्कळ सोपी झाली.

टंकनाच्या दोन रीती आहेत. इनस्क्रिप्ट (भारतीय मानक, १९९१) या मांडणीत प्रत्येक वर्णाची कळ ठरलेली असते. उच्चारानुसारी पद्धतीत रोमन अक्षरांवरून शब्द ओळखला जातो. ती शिकायला सोपी, पण संदिग्ध. मालवण किनाऱ्यावरचे उदाहरण घ्यावे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. रोमन लिपीत दोन्ही सारखेच लिहिले जातात. यंत्र कोणता शब्द पुढे करील ते त्याच्या शब्दसाठ्यावर ठरते. पुन्हा ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो: नुक्ताधारी ऱ वापरून किंवा हलन्त र पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण साध्या शब्दशोधात एकाने लिहिलेला हा शब्द दुसऱ्याला सापडत नाही.

मालवणी : ही मराठीची बोली की कोकणीची, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. लिपी देवनागरीच असल्याने मराठीचे साधन तिला पुरते, शब्दसाठा मात्र पुरत नाही. ‘माका’ (मला) हा शब्द रोमनमधून लिहिताना साठा प्रमाण मराठीचा असेल तर ‘मका’ पुढे येतो. ‘माका होया’ (मला हवे) लिहिणाऱ्याच्या पदरात मका पडतो. ‘तुका’चा (तुला) तुकाराम होण्याचीही शक्यता असते. इनस्क्रिप्टमध्ये ही अडचण नाही, कारण तिथे यंत्राला अंदाज बांधावाच लागत नाही. बोली टिकवू पाहणाऱ्याने ही मांडणी शिकून घ्यावी, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे स्पष्ट मत आहे.

सिंधुदुर्गातील वापर : मालवणजवळच्या तारकर्ली, देवबाग परिसरातील निवास-न्याहारीचा व्यवसाय आणि मुंबईतील चाकरमान्यांशी संपर्क यांत समाजमाध्यमे रुळली आहेत, पण मुख्यतः मोबाइल ॲपमधून.

नंतरचे रूप : ऑपेराने २०१७ मध्ये व्हॉट्सॲप व मेसेंजर बाजूपट्टीत आणले, विवाल्डीने २०२२ मध्ये मॅस्टोडॉन जोडले. दरम्यान ब्राउझर आणि समाजमाध्यम यांचे नाते उलटले आहे. फेसबुक व इन्स्टाग्रामच्या ॲपमध्ये दुवा दाबला की पान ॲपच्या पोटातल्याच ब्राउझरमध्ये उघडते. ही ॲप्स अशा पानांत स्वतःची आज्ञावली घालतात, असे एका संशोधकाने ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवून दिले. ती वापरकर्त्याच्या निवडी पाळण्यासाठीच आहे, असे या ॲप्सच्या मालक कंपनीचे म्हणणे होते. दुवा फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय बहुधा वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांखाली मिळतो.