१ डिसेंबर १९५६ : नेव्हिलची हॅटट्रिक

मेलबर्न ऑलिम्पिकमधील फुटबॉल. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला थेट उपान्त्यपूर्व फेरीत चाल मिळाली होती. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिल डिसोझाने गोल केला, बॉब मोरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, मध्यंतराआधी पुन्हा मोरो. २-२! पन्नासाव्या मिनिटाला मात्र नेव्हिलने तिसरा गोल करून भारताला पुन्हा आघाडीवर नेले. किट्टूच्या गोलाने ४-२ असा विजय पक्का झाला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू.

उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, पण भारत १-४ असा हरला. कांस्यपदकही हुकले. तरी चार गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचे नाव बरोबरीने लागले.

नेव्हिल मूळचा गोव्यातल्या आसगावचा, १९३२ चा जन्म. मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला आणि १९८० मध्ये पन्नाशीही न गाठता गेला. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी या भारतीय फुटबॉलपटूंची नावे आजही घेतली जातात. नेव्हिलचे नाव मुंबई-गोव्यातल्या मुलांनाही सांगावे लागते, ही खंत आहे.