बीटल्स फोडल्याचा ठपका पॉल मॅकार्टनीवर 50 वर्षं होता, मग चाहत्यांचं मत बदललं कसं?

10 एप्रिल 1970. लंडनच्या 'डेली मिरर'च्या पहिल्या पानावर बातमी होती, पॉल मॅकार्टनी बीटल्स सोडतोय. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडचा शेवट आणि त्याखाली एकाच माणसाचं नाव. चाहत्यांना आरोपी सापडला. त्या दिवसापासून 'बीटल्स कुणी फोडली?' या प्रश्नाला दोनच उत्तरं ठरलेली होती, योको ओनो नाहीतर पॉल.

आज यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर बीटल्सच्या कुठल्याही क्लिपखालच्या कमेंट्स वाचा. सूर उलटा दिसेल. पॉल नसता तर बँड 1967 सालीच संपला असता, असं लिहिणारे शेकड्यांनी भेटतील. यातले बरेच जण बँड फुटल्यानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेले आहेत. मग मधल्या काळात असं काय झालं?

त्यासाठी आधी भांडण समजून घ्यावं लागेल. ते गाण्यांपेक्षा पैशांवरून आणि कागदांवरून जास्त झालं होतं.

ऑगस्ट 1967 मध्ये बीटल्सचा मॅनेजर ब्रायन एप्स्टीन वारला. तोपर्यंत चौघांना हिशेब बघायची वेळ आली नव्हती. पुढच्या फेब्रुवारीत चौघं महर्षी महेश योगींच्या ऋषिकेशच्या आश्रमात आले, तिथे भरपूर गाणी लिहिली, पण परत गेल्यावर घरचे प्रश्न तसेच होते. ॲपल नावाची कंपनी काढलेली, पैसा पाण्यासारखा जातोय आणि लगाम कुणाच्याच हातात नाही. या पोकळीत पॉलने पुढाकार घेतला. चला स्टुडिओत, चला सिनेमा काढू, चला लाइव्ह वाजवू. त्याच्या बाजूने बघितलं तर तो बँड जिवंत ठेवत होता. जॉर्ज हॅरिसनच्या बाजूने बघितलं तर तो साहेबगिरी करत होता. दोन्ही खरं आहे.

1969 मध्ये नवीन मॅनेजर नेमायची वेळ आली आणि बँडमध्ये उभी फूट पडली. जॉन लेनन, जॉर्ज आणि रिंगो स्टार यांना न्यूयॉर्कचा ॲलन क्लाइन हवा होता. पॉलला हवे होते ली आणि जॉन ईस्टमन, म्हणजे त्याची बायको लिंडा हिचे वडील आणि भाऊ. आता सांगा, तुमच्या धंद्यातला एक भागीदार उठून म्हणाला की हिशेब माझे सासरे बघतील, तर तुम्ही सही कराल? तिघांनी केली नाही. त्यात पॉलने त्यांच्या गाण्यांचे हक्क असलेल्या 'नॉर्दर्न साँग्स' कंपनीचे जास्तीचे शेअर्स गुपचूप घेतल्याचं जॉनला कळलं. तीन विरुद्ध एक अशी मतं पडली आणि क्लाइन आला.

सप्टेंबर 1969 मध्ये जॉनने बंद दाराआड सांगून टाकलं की मी चाललो. त्याने त्यासाठी चक्क घटस्फोट हा शब्द वापरला होता. पण रेकॉर्ड कंपनीशी नवा करार होत होता, त्यामुळे ही गोष्ट बाहेर जाऊ नये असं ठरलं. म्हणजे बँड आतून संपला होता आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता.

पुढचे काही महिने पॉलने स्कॉटलंडच्या शेतावर काढले. या काळात तो खूप पीत होता आणि अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं, असं त्याने स्वतः पुढे अनेकदा सांगितलंय. मग त्याने घरच्या घरी एक सोलो अल्बम केला. त्याची तारीख पुढे ढकल, असं सांगणारं पत्र घेऊन रिंगो त्याच्या घरी आला, तर पॉलने त्याला हाकलून दिलं. चौघांतल्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या माणसाला! त्याच सुमारास निर्माता फिल स्पेक्टरने पॉलच्या 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या गाण्यावर त्याला न विचारता ऑर्केस्ट्रा आणि कोरस चढवला होता. अल्बमसोबत पत्रकारांना दिलेल्या प्रश्नोत्तरांच्या कागदात पॉलने सूचित केलं की लेननसोबत पुन्हा गाणी लिहिण्याची शक्यता त्याला दिसत नाही. पुढचं काम 'डेली मिरर'ने केलं.

जॉन भडकला. सोडून गेला तो, आणि जाहीर करून अल्बम विकतोय हा!

कोर्टाची पायरी

पॉलची खरी बदनामी झाली ती 31 डिसेंबर 1970 ला, जेव्हा त्याने लंडनच्या हायकोर्टात आपल्याच तीन मित्रांवर दावा ठोकला. आजही अनेकांना हा भाग नीट माहीत नसतो. त्याला कोर्टात खेचायचं होतं क्लाइनला. पण चौघांमध्ये 1967 चा भागीदारीचा करार होता आणि क्लाइन त्यात पक्षकार नव्हता. क्लाइनपासून सुटायचं तर भागीदारीच मोडायला हवी, आणि त्यासाठी दावा भागीदारांवरच करावा लागणार. चाहत्यांना एवढी कायद्याची भानगड कोण समजावणार? त्यांना दिसला तो मित्रांना कोर्टात उभं करणारा श्रीमंत गायक.

12 मार्च 1971 ला निकाल पॉलच्या बाजूने लागला. (योगायोग म्हणजे त्या दिवशी त्याच्या लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली.) न्यायमूर्ती स्टॅम्प यांनी बँडच्या आर्थिक कारभारावर रिसीव्हर नेमला आणि क्लाइनच्या दाव्यांची संभावना एखाद्या दुय्यम सेल्समनची बडबड अशी केली. क्लाइनने ठरल्यापेक्षा जास्त कमिशन घेतल्याचंही कोर्टासमोर आलं.

कोर्टात पॉल जिंकला, पण लोकांच्या नजरेत हरला. त्याच सुमारास 'रोलिंग स्टोन' मासिकात जॉनची भलीमोठी मुलाखत छापून आली आणि चाहत्यांसाठी तीच बीटल्सची अधिकृत कहाणी ठरली. जॉन खरा कलावंत, बंडखोर, आणि पॉल गोडगोड गाणी लिहिणारा धंदेवाईक, अशी विभागणी झाली. मे 1971 मध्ये पॉल आणि लिंडाचा 'रॅम' आला. समीक्षकांनी तो अक्षरशः धुतला. त्यातले टोमणे ओळखून जॉनने 'इमॅजिन' अल्बममध्ये 'हाऊ डू यू स्लीप?' हे गाणं टाकलं, आणि त्यात गिटार वाजवली जॉर्जने. म्हणजे ज्याने दावा केला, त्याच्याच विरोधात दोन जुने मित्र एका रेकॉर्डवर.

डिसेंबर 1980 मध्ये जॉनची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली. त्यानंतर त्याच्या बाजूच्या कहाणीवर प्रश्न विचारणंच अवघड झालं. त्या दिवशी स्टुडिओबाहेर कॅमेरे समोर आले तेव्हा सुन्न झालेल्या पॉलने तुटक, कोरडं उत्तर दिलं, आणि त्याचाही हिशेब ठेवला गेला. पुढच्याच वर्षी फिलिप नॉर्मन यांचं 'शाउट!' हे गाजलेलं पुस्तक आलं, त्याचं पारडं उघड उघड जॉनकडे झुकलेलं होतं.

मग मत फिरलं कधी?

पहिला धक्का खरं तर खूप लवकर बसला होता. 1973 मध्ये जॉन, जॉर्ज आणि रिंगो यांनीही क्लाइनला सोडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. 1979 मध्ये क्लाइन करविषयक गुन्ह्यात दोषी ठरला आणि दोन महिन्यांची शिक्षा झाली. पॉल बरोबर होता, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण 'रॅम'ला शिव्या घालणं ही सवय झाली होती.

ती सवय मोडली तरुण श्रोत्यांनी. घरी, हाताने, थोडं ओबडधोबड रेकॉर्डिंग करणाऱ्या इंडी संगीताची आवड असलेल्यांना पॉलचे सुरुवातीचे अल्बम जवळचे वाटले. 'रोलिंग स्टोन'नेच 2020 साली आपल्या 500 सर्वोत्तम अल्बमच्या यादीत 'रॅम' घेतला. याच मासिकाने कधीकाळी त्याची सालटी काढली होती! नॉर्मन यांनीही 2016 मध्ये पॉलचं स्वतंत्र चरित्र लिहिलं, आधीपेक्षा बरंच मायेने.

आणि नोव्हेंबर 2021 मध्ये पीटर जॅक्सनची 'गेट बॅक' ही जवळपास आठ तासांची डॉक्युमेंटरी आली. जानेवारी 1969 चं साठएक तासांचं चित्रीकरण त्यासाठी चाळलं होतं. त्यात पॉल बास गिटार छेडत बसलाय, जॉन यायला उशीर झालाय, जॉर्ज जांभई देतोय, आणि बघता बघता शून्यातून 'गेट बॅक' हे गाणं उभं राहतं. ही क्लिप कितीतरी जणांनी शेअर केली. त्याच फिल्ममध्ये तो योकोची बाजूही घेतो. 50 वर्षांनी लोक म्हणतील की ती ॲम्प्लिफायरवर बसली म्हणून बँड फुटला, अशी थट्टा करतो. बँड फोडणारा खलनायक शोधणाऱ्यांची या आठ तासांत पंचाईत झाली.

पण लंबक आता दुसऱ्या टोकाला चाललाय, हेही सांगायला हवं. सोशल मीडियावर पॉलला संत आणि जॉनला दुष्ट ठरवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. 'गेट बॅक'मध्येच दिसतं की जॉर्जच्या गाण्यांना पुरेसा वेळ मिळत नाही आणि तो एके दिवशी सरळ निघून जातो. साठलेली गाणी घेऊन त्याने 1970 मध्ये तीन रेकॉर्ड्सचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' काढला, यावरून साठा किती होता ते कळतं. शिवाय 2002 मध्ये पॉलने एका लाइव्ह अल्बमवर बीटल्सच्या गाण्यांचं श्रेय 'लेनन-मॅकार्टनी'ऐवजी 'मॅकार्टनी-लेनन' असं छापलं. समोरचा उत्तर द्यायला हयात नसताना हे करणं कट्टर चाहत्यांनाही आवडलं नव्हतं.

त्या खटल्याचं महत्त्व मात्र आता बहुतेकांना पटलंय. रोलिंग स्टोन्स हा बँडही क्लाइनकडेच होता. त्यांच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्डिंग्जचे हक्क आजही क्लाइनने स्थापन केलेल्या ॲबको कंपनीकडे आहेत. बीटल्सचा कारभार ॲपलकडेच राहिला. आपण दावा केला नसता तर 'गेट बॅक' निघूच शकली नसती, असं पॉलने 2020 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं. भागीदारी कायदेशीरपणे मोडायला तरी 1975 उजाडलं. जॉनने त्या कागदांवर सही केली ती 1974 च्या डिसेंबरात, फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये.